स्कॉर्पिओ-एन की एक्सयूव्ही ७००? सात माणसांच्या घरासाठी गाडी निवडताना

(या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे ‘म्हणजे’, ‘अं’ काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

 

आजचा प्रश्न गेल्या महिनाभरात मला इतक्या जणांनी विचारलाय की शेवटी म्हटलं, एक भागच करू. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. मोठ्या गाड्यांवर आधी २८ टक्के जीएसटी आणि त्यावर सेस, असं मिळून पन्नास टक्क्यांपर्यंत कर जायचा. तो आता सरळ ४० टक्के झालाय. त्यामुळे दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली आणि आपल्या संभाजीनगरात प्रत्येक तिसऱ्या घरात एकच चर्चा चालू आहे. गाडी कुठली घ्यायची?

आमच्याही घरात चालू होती. आम्ही सात माणसं. आजी, अण्णा, आई, दादा, वहिनी, त्यांची दोन वर्षांची मुलगी म्हणजे माझी भाची, आणि मी. अण्णांच्या डोक्यात स्कॉर्पिओ-एन. दादा-वहिनींच्या डोक्यात एक्सयूव्ही ७००. डाऊन पेमेंट अण्णांचं, हप्ता माझा आणि दादाचा अर्धा अर्धा. म्हणजे मताला किंमत तिघांच्याही होती, आणि भांडायला कारणही.

आता सल्ला देणाऱ्यांची आपल्या शहरात काही कमी नाही. वाळूजला बजाज, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा, आणि २०२४ मध्ये टोयोटानं बिडकीनच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. त्यामुळे प्रत्येक घरात एक काका ‘कंपनीत’ असतातच. शिवाय हे ते शहर आहे जिथे २०१० मध्ये व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका झटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा होता तो! गाडीचा विषय निघाला की इथं प्रत्येकजण तज्ज्ञ असतो. म्हणून मी ठरवलं, काकांची मतं बाजूला ठेवायची आणि आपल्या कामाची पद्धत वापरायची. काय सारखं आहे ते आधी काढून टाकायचं, आणि जो फरक उरेल तो घरातल्या कुणाच्या वाट्याला येतो ते बघायचं.

दोन्हींत सारखं काय?

ही तुलना मला आवडते त्याचं कारण इथंच आहे. दोन्ही गाड्या महिंद्राच्या. दोन्ही चाकणच्या. एक्सयूव्ही ७०० आली २०२१ मध्ये, स्कॉर्पिओ-एन आली जून २०२२ मध्ये. इंजिनं एकाच घराण्यातली आहेत, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल आणि २.२ लिटरचं डिझेल. पेट्रोलची ताकद दोन्हींत २०० पीएसच्या आसपास. वरच्या डिझेल मॉडेलमध्ये स्कॉर्पिओ-एनला १७५ पीएस, एक्सयूव्हीला १८५ पीएस. दोन्हींत सहा गिअरची मॅन्युअल किंवा ऑटोमॅटिक.

किमतीही जवळपास सारख्या. २०२५ मधल्या जीएसटी बदलानंतर एक्स-शोरूम साधारण १३ लाखांच्या पुढे सुरू व्हायच्या आणि २४ लाखांच्या आसपास संपायच्या. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर, म्हणजे व्हीलबेस, तर दोन्हींचं हुबेहूब तेच आहे: २७५० मिलिमीटर.

म्हणजे ‘हिचं इंजिन भारी’, ‘तिचा ब्रँड भारी’ हे सगळे वाद इथं बाद. उरतं काय? गाडीचा सांगाडा, मागचा आस, आतली बसायची जागा आणि तुम्ही ती कुठल्या रस्त्यावर चालवणार ते.

शिडी आणि करवंटी

स्कॉर्पिओ-एन ही ‘लॅडर फ्रेम’वाली गाडी. नावातच शिडी आहे. खाली पोलादाची एक जाड शिडी आडवी ठेवलीय असं समजा. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं सगळं त्या शिडीला जोडलेलं. आणि त्यावर माणसं बसायची केबिन वेगळी आणून बसवलेली. ट्रक, जीप, बोलेरो, सगळ्यांची हीच पद्धत.

एक्सयूव्ही ७०० ‘मोनोकॉक’ आहे. तिच्यात वेगळी शिडी नसते. तळ, खांब, छप्पर सगळं मिळून एकच कवच असतं आणि ताकद त्या कवचाचीच. नारळाची करवंटी आठवा. आत कुठलाही सांगाडा नाही, तरी हातानं दाबून फुटत नाही.

आता ह्याचा घरात बसणाऱ्या माणसाला काय फरक पडतो? पहिला फरक उंचीचा. शिडीवर केबिन ठेवायची म्हटल्यावर गाडीचा तळ वर जातो. स्कॉर्पिओ-एनची उंची १८५७ मिलिमीटर, एक्सयूव्हीची १७५५. दहा सेंटिमीटरचा फरक. कागदावर किरकोळ वाटतो, पण आमच्या आजीच्या गुडघ्याला विचारा! आम्ही दोन्ही गाड्या बघायला आजीला घेऊन गेलो होतो. एका ठिकाणचा सेल्समन आधी म्हणाला, ‘आजींना कशाला त्रास?’ म्हटलं, गाडीत बसणार त्या, मग बघणार कोण?

तर स्कॉर्पिओ-एनमध्ये चढताना आजीनं आधी वरचं हँडल धरलं, मग पायरीवर पाय ठेवला, मग दादानं मागून आधार दिला. चढली, पण उतरताना म्हणाली, ‘ह्याला शिडी लावा रे एक.’ मी मनात म्हटलं, शिडी खालीच आहे, तीच तर भानगड आहे. एक्सयूव्हीत ती सीटवर आधी टेकली, मग पाय आत घेतले. बस्स. तुमच्या घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर हा प्रयोग शोरूममध्ये करून बघाच. चढणं आणि उतरणं, दोन्ही. आणि तीन वेळा करा, कारण पहिल्यांदा सगळेच जोर लावून चढतात.

दुसरा फरक वळणावरचा. उंच गाडीचं वजनही वरच्या बाजूला असतं, त्यामुळे वळताना ती जास्त झुकते. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, त्याला ते झुकणं आधीच माहीत असतं. मागे बसलेल्याला नसतं. म्हणून घाटात मागचे लोक ओकतात आणि ड्रायव्हर ताजातवाना असतो. आईला गाडी लागते, त्यामुळे आमच्यासाठी हाही मुद्दा होता.

बैलगाडीचा आस

बैलगाडीची दोन चाकं एकाच आसावर असतात. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरीकडचा माणूसही कलतो. स्कॉर्पिओ-एनच्या मागच्या चाकांत तत्त्व तेच आहे. मागची दोन्ही चाकं एका भक्कम आसानं जोडलेली. अर्थात बैलगाडी आणि हिच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथं कॉइल स्प्रिंग आहेत आणि आस डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून पाच दांड्यांची जोडणीही आहे. पण एका चाकाचा धक्का दुसऱ्यापर्यंत पोचतोच.

एक्सयूव्ही ७०० मध्ये मागची दोन्ही चाकं स्वतंत्र. डावं चाक खड्ड्यात गेलं तर उजव्याला फारसा पत्ता लागत नाही.

मग भक्कम आस वाईट का? अजिबात नाही. वजन भरपूर असेल, रस्ता दगडांचा असेल, खाचखळगे असतील, तर तो आस रेटून नेतो. ज्यांचं रोजचं जाणं-येणं खडीच्या रस्त्यावर, खाणीवर, धरणाच्या कामावर आहे, त्यांनी शिडी आणि आसच घ्यावा. प्रश्न एवढाच, की तुमचं रोजचं जाणं-येणं खरंच तिकडे आहे का?

‘टक्केवारीनं चिखल कमी होत नाही’

अण्णांचा मुख्य मुद्दा हाच होता. आमचं गाव कन्नड तालुक्यात. शहरापासून ६५ किलोमीटर, त्यातले शेवटचे तीन कच्चे. काळी माती! मराठवाड्यात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको, पाऊस पडला की ही माती चाकाला अशी चिकटते की चाकाचा लाडू होतो.

मी काय केलं, मागच्या बारा महिन्यांची फास्टॅगची स्टेटमेंटं, पेट्रोलची यूपीआय पेमेंटं आणि फोनमधली लोकेशनची नोंद काढली. एक शीट बनवलं. आमच्या जुन्या हॅचबॅकचा वर्षाचा हिशोब असा निघाला: एकूण ११,८०० किलोमीटर. शहरात ४,३००. पुण्याच्या सात फेऱ्या मिळून ३,३६०. गावाच्या बावीस फेऱ्या, २,८६०. नागपूरची एक फेरी, ९००. बाकी किरकोळ ३८०.

ह्यात कच्चा रस्ता किती? बावीस फेऱ्या, प्रत्येकी सहा किलोमीटर. १३२ किलोमीटर. एकूणच्या जेमतेम १.१ टक्के!

मी मोठ्या उत्साहानं हे अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शीट बघितलं आणि म्हणाले, ‘टक्केवारीनं चिखल कमी होत नाही, बाळा. अडकायचं तर एकदाच अडकतो माणूस.’

आणि ते बरोबर बोलले. हे आपण नोकरीतही शिकतो. एखादी गोष्ट क्वचित घडते म्हणून ती बिनमहत्त्वाची ठरत नाही. अपघातही क्वचितच होतो, तरी आपण एअरबॅग घेतोच ना? म्हणून मग प्रश्न असा विचारला: त्या चिखलात स्कॉर्पिओ-एन जाईल का?

इथं बऱ्याच लोकांचा गोंधळ होतो. स्कॉर्पिओ म्हटलं की डोळ्यासमोर फोर बाय फोर येते. पण स्कॉर्पिओ-एनच्या बहुतेक मॉडेलमध्ये ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. फोर बाय फोर हवी असेल तर डिझेलच घ्यावं लागतं, तेही ठरावीक व्हेरियंटमध्ये आणि जास्त पैसे मोजून. ती घेतली तर मात्र गोष्ट वेगळी. चारही चाकांना ताकद, सोबत ‘लो रेंज’ गिअर, म्हणजे चाक हळू फिरतं पण जोर कितीतरी वाढतो. एक्सयूव्ही ७०० मध्ये चारही चाकांचा पर्याय फक्त डिझेल ऑटोमॅटिकच्या वरच्या मॉडेलला आहे आणि त्यात लो रेंज नाही.

म्हणजे काळ्या मातीत खरी लढत शिडी विरुद्ध करवंटी अशी नाहीच. दोन चाकं ओढणारी कुठलीही जड गाडी ओल्या काळ्या मातीत फसणारच, तिच्यावर स्कॉर्पिओ लिहिलेलं असो नाहीतर एक्सयूव्ही. चिखलासाठीच गाडी घ्यायची असेल तर फोर बाय फोरचे पैसे बाजूला काढा, आणि चिखलात पकड घेणारे टायरही घ्या. तेवढं बजेट नसेल, तर चिखल हे कारण यादीतून खोडा.

आमच्याकडे ते बजेट नव्हतं. अण्णांनीच मग सांगितलं, की पावसाळ्यातल्या पाच फेऱ्यांना त्यांनी गाडी डांबरी रस्त्यावर लावली होती आणि पुढे चुलत्यांच्या मोटारसायकलवर गेले होते.

तिसऱ्या रांगेत कोण बसणार?

सात सीटची गाडी घेताना सगळे पहिल्या रांगेत बसून बघतात. मोठी स्क्रीन, सनरूफ, सीटचं लेदर. तिसऱ्या रांगेत कुणी बसत नाही. तुम्ही बसा. दहा मिनिटं, दार लावून.

दोन्ही गाड्यांत तिसरी रांग मोठ्या माणसांसाठी लांबच्या प्रवासाला आरामाची नाही. तळ उंच, त्यामुळे गुडघे वर येतात आणि मांडीला आधार मिळत नाही. पण दोन फरक आहेत. एक, एक्सयूव्हीत तिसऱ्या रांगेला स्वतःचे एसीचे झरोके आहेत, स्कॉर्पिओ-एनमध्ये नाहीत. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत दुपारी नगर रोडनं जाताना मागे बसलेल्याला हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. दोन, एक्सयूव्हीची तिसरी रांग अर्धी-अर्धी दुमडते, म्हणजे एक माणूस बसवून शेजारी बॅगा ठेवता येतात. स्कॉर्पिओ-एनची रांग अख्खी दुमडते नाहीतर अख्खी उभी राहते.

आणि एक गोष्ट ब्रोशरमध्ये कुणी लिहीत नाही. तिसऱ्या रांगेत जायला दुसऱ्या रांगेची डावी सीट पुढे उलटावी लागते. पण त्या सीटवर बाळाची चाइल्ड सीट बसवलेली असेल तर? ती काढल्याशिवाय सीट उलटत नाही. म्हणजे दर वेळी चाइल्ड सीट काढा, मागचे बसवा, परत लावा. चार दिवसांत माणूस कंटाळतो आणि बाळ येतं आईच्या मांडीवर. आणि मांडीवरचं बाळ म्हणजे काय, ते पुढच्या मुद्द्यात सांगते. ह्यावर उपाय दोन. चाइल्ड सीट उजव्या बाजूला, ड्रायव्हरच्या मागे लावा. किंवा सहा सीटचं मॉडेल घ्या, ज्यात दुसऱ्या रांगेत दोन वेगळ्या खुर्च्या असतात आणि मधून वाट मिळते. आम्ही सात जण, त्यामुळे उजवी बाजू ठरली.

सामानाचंही सांगून टाकते. सात माणसं आणि सात माणसांच्या बॅगा, दोन्ही गाड्यांत एकत्र मावत नाहीत. तिसरी रांग उभी असली की मागे दोन-तीन पिशव्यांपुरती जागा उरते. वरती कॅरिअर लावावं लागेल, हे धरूनच चला.

तारे मोजताना पेपर कुठला होता ते बघा

आता सुरक्षा. दोन्ही गाड्यांना ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे आहेत. मुलांच्या सुरक्षेसाठी एक्सयूव्ही ७०० ला चार, स्कॉर्पिओ-एनला तीन.

पण थांबा. एक्सयूव्हीची चाचणी नोव्हेंबर २०२१ मधली, स्कॉर्पिओ-एनची डिसेंबर २०२२ मधली. आणि मध्ये, जुलै २०२२ पासून, ग्लोबल एनकॅपनं अभ्यासक्रमच बदलला. आधी मोठ्यांचे गुण १७ पैकी होते, नंतर ३४ पैकी झाले. बाजूच्या धडकेची चाचणी, गाडी घसरू नये म्हणून असलेलं ईएससी, पादचाऱ्यांची सुरक्षा हे सगळं कडक झालं. म्हणजे एकीनं जुना पेपर दिलाय, दुसरीनं नवा. तुमच्या बारावीचे टक्के आणि धाकट्या भावाचे टक्के जसे थेट ताडून बघता येत नाहीत, तसंच हे.

पेपरचा फरक किती असू शकतो, ह्याचं ठळक उदाहरण स्कॉर्पिओचंच आहे. ऑस्ट्रेलियाच्या एनकॅपनं डिसेंबर २०२३ मध्ये तिला शून्य तारे दिले. भारतासाठीच्या चाचणीत पाच, तिकडे शून्य! गाडी रातोरात कमकुवत झाली का? नाही. तिकडच्या पेपरमध्ये आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, लेन सांभाळणारी यंत्रणा ह्यांना खूप गुण असतात, आणि तिथं विकल्या जाणाऱ्या स्कॉर्पिओत त्या नव्हत्या. आपल्याकडे जुलै २०२५ पासून स्कॉर्पिओ-एनच्या वरच्या मॉडेलला ही ‘एडास’ यंत्रणा मिळाली. एक्सयूव्हीच्या वरच्या मॉडेलमध्ये ती २०२१ पासूनच आहे.

तर नुसते तारे मोजू नका, खाली बारीक अक्षरात काय आहे ते वाचा. दोन्ही गाड्यांचं कवच ह्या चाचणीत स्थिर ठरलंय, त्यामुळे ‘पत्रा वाजवून बघ’ हा काकांचा सल्ला इथं कामाचा नाही.

आणि मांडीवरचं बाळ. गाडी ताशी ५० किलोमीटरनं धडकली तर बाळही त्याच वेगानं पुढे जातं. दहा-बारा किलोचं बाळ त्या क्षणी कितीतरी पट जड होतं, आणि जगातल्या कुठल्याच आईच्या हातात तेवढी ताकद नसते. गाडीला पाच तारे असोत नाहीतर दहा, बाळ चाइल्ड सीटमध्ये नसेल तर ते तारे बाळाचे नाहीत. वहिनींनी गाडीच्या आधी चाइल्ड सीटची ऑर्डर दिली, आणि दोन्ही शोरूममध्ये ‘आयसोफिक्सचे हूक कुठंयत ते दाखवा’ म्हणून स्वतः हात घालून बघितलं.

समृद्धीनं गणित बदललं

आपल्या शहराच्या गाड्यांचं गणित समृद्धी महामार्गानं बदललंय. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ पासून मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण सुरू झाला. आपण त्याच्या वाटेवरच. गाडीला वेगमर्यादा ताशी १२०.

आता ८० आणि १२० ह्यात फरक दीडपट वाटतो. पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे सव्वादोन पट. १२० च्या वेगात एका सेकंदात गाडी ३३ मीटर जाते. समोर काहीतरी दिसलं आणि पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्या वेळात गाडी दीड क्रिकेट पिचहून जास्त अंतर ओलांडून गेली, ब्रेक लागायच्या आधीच. अशा वेळी कमी उंचीची, कमी झुकणारी गाडी अचानक लेन बदलावी लागली तर सावरायला सोपी जाते.

पण खरं सांगू? समृद्धीवर ह्या दोन गाड्यांमधल्या फरकापेक्षा टायरमधली हवा जास्त महत्त्वाची. काँक्रीटचा तापलेला रस्ता, तासन्‌तास एकच वेग, सात माणसं आणि वर कॅरिअरवर बॅगा. हवा कमी असेल तर टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, दबला की तापतो, आणि तापत तापत फाटतो. ड्रायव्हरच्या दाराजवळ एक स्टिकर असतो. त्यावर दोन आकडे दिलेले असतात, कमी माणसांसाठी आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. निघायच्या आधी, टायर थंड असताना, दुसरा आकडा भरा. आणि दर दीड-दोन तासांनी थांबा. सरळ रस्त्यावर डोळा लागतो.

पैशाचं

डिझेल की पेट्रोल? महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या गाडीला रोड टॅक्स पेट्रोलवर १२ टक्के, डिझेलवर १४ टक्के. वीसच्या पुढे १३ आणि १५. म्हणजे १९.९० लाखांची डिझेल गाडी घेतली तर टॅक्स साधारण २ लाख ७९ हजार, आणि २०.२० लाखांची घेतली तर ३ लाख ३ हजार. तीस हजारांचा व्हेरियंट चोपन्न हजारांना पडतो. वीसच्या सीमेवर असाल तर हे नक्की बघा.

आमचा हिशोब असा, आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. पेट्रोल १८ लाख, डिझेल १८.७० लाख धरलं, तर टॅक्ससकट डिझेल १ लाख १६ हजारांनी महाग. वर्षाला १२ हजार किलोमीटर. पेट्रोल लिटरला १० किलोमीटर आणि दर १०५, म्हणजे १ लाख २६ हजार. डिझेल लिटरला १४ आणि दर ९२, म्हणजे ७९ हजार. वर्षाला ४७ हजारांची बचत. अडीच वर्षांत जास्तीचे पैसे वसूल. पण वर्षाला सहाच हजार किलोमीटर चालवत असाल तर पाच वर्षं लागतील. मग पेट्रोलच घ्या.

शिवाय नव्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारी एक जाळी असते, डीपीएफ म्हणतात. ती तापली की काजळी जाळून स्वतःला साफ करते. रोज फक्त सिडको ते क्रांती चौक केलं तर ती नीट तापतच नाही आणि तुंबते. पंधरवड्यातून एकदा हायवेला नेणार असाल तरच डिझेल.

कर्ज. १५ लाख, ९ टक्के. पाच वर्षांचा हप्ता ३१ हजार १३८, सात वर्षांचा २४ हजार १३४. शोरूमवाले सात वर्षांचा आकडा मोठ्यानं वाचतात. पण सात वर्षांत व्याज ५ लाख २७ हजार जातं, पाच वर्षांत ३ लाख ६८ हजार. एक लाख ५९ हजारांचा फरक. एवढ्यात चाइल्ड सीट, चांगले टायर आणि काही वर्षांचा इन्शुरन्स निघतो.

मग आमचं काय ठरलं?

एक्सयूव्ही ७००, डिझेल, सात सीट, पाच वर्षांचं कर्ज. बुकिंग झालंय.

अण्णांना माझ्या शीटनं पटवलं असं अजिबात नाही. त्यांचं स्कॉर्पिओबद्दलचं प्रेम चिखलापेक्षा जुनं आहे. पहिली स्कॉर्पिओ २००२ मध्ये आली तेव्हा ते ऐन चाळिशीत होते, आणि गावात ती फक्त मोठ्या लोकांकडे होती. त्या उंच सीटवरून रस्ता बघायची इच्छा तेवीस वर्षं जुनी आहे. ती इच्छा खोटी ठरवायचा मला काय अधिकार? मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं, की अण्णा, तुम्हाला मनापासून तीच हवी असेल तर तीच घेऊ, फक्त चिखलाचं कारण नको. त्यावर ते दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, ‘आईला चढता येत नाही त्या गाडीत काय रुबाब करायचा?’ आई म्हणजे आमची आजी. विषय तिथं संपला. फक्त एक अट घातली, गावाकडची पहिली फेरी गाडी तेच चालवणार.

आता तुमच्यासाठी. स्कॉर्पिओ-एन घ्या, जर तुमचा रोजचा रस्ता खरंच खराब असेल, फोर बाय फोरचं बजेट असेल, गाडीत बहुतेक वेळा चार-पाच धडधाकट माणसं असतील आणि तिसरी रांग कधीतरीच लागणार असेल. एक्सयूव्ही ७०० घ्या, जर घरात म्हातारं माणूस आणि लहान मूल दोन्ही असतील, बहुतेक किलोमीटर डांबर-काँक्रीटवर होणार असतील आणि तिसऱ्या रांगेत खरंच कुणीतरी बसणार असेल. आणि वर्षातून दोनदाच सात जण एकत्र जात असाल, तर छोटी गाडी घ्या आणि त्या दोन वेळा भाड्यानं मोठी गाडी करा. तेही शहाणपणाचंच आहे.

शोरूमला जाताना तीन कामं करा. घरातलं सगळ्यात म्हातारं आणि सगळ्यात लहान माणूस सोबत न्या. तिसऱ्या रांगेत दहा मिनिटं बसा. आणि मागच्या वर्षीचे तुमचे किलोमीटर आधी लिहून काढा.

पुढच्या भागात गाडीच्या इन्शुरन्सबद्दल बोलू. झिरो डेप म्हणजे काय, आणि शोरूमचाच इन्शुरन्स घ्यायची सक्ती असते का. तुमच्या घरात गाडीवरून काय चर्चा चाललीय ते आवाजी मेसेज करून सांगा, निवडक मेसेज पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत बेल्ट लावा. मागच्या सीटवरचासुद्धा.